बहात्तरावा मैल

मिठाच्या बरणीखाली तीन कागद.
मार्च सरत आला तरी गॅरेजच्या छपरावर
बर्फाची एक काळपट पट्टी हटून बसलेली.
आणि मी, वय एकोणसाठ,
आजवरची सर्वांत लांब फेरी बासष्ट मैल,
त्यातही एकदा उलटी,
ठरवतेय, पहिले शंभर कुठले.

पहिला कागद नदीकाठचा.
रूळ उचलून नेलेल्या जुन्या रेल्वेची वाट,
सपाट, सावलीची,
दर वीस मैलांवर चर्चच्या बायका
रुबार्बचा पाय कापून उभ्या.
इतका पाय खाल्ल्यावर पाय चालायचे कसे?
खाली ठळक अक्षरांत : नवशिक्यांसाठी उत्तम.
हे वाचलं की मला उगाचच राग येतो.

दुसरा टेकड्यांचा. चढांना नावं आहेत,
विधवेची टेकडी, कसायाचं वळण.
सहा हजार फूट चढलात की एक टी-शर्ट,
त्याच्या पाठीवरची अक्षरं
मागून येणाऱ्यानं वाचावीत म्हणून.
माझ्या मागून कोण येणार?

तिसरा आमच्याच काउंटीचा.
अग्निशामक दलाला नवा पंप घ्यायचाय.
वीस डॉलर, केळी, पेटके आले तर
काकडीच्या लोणच्याचं पाणी.
नकाशा उलगडला तर
बहात्तराव्या मैलाला रस्ता
आमच्या टपालपेटीला घासून जातो.

सायकलच्या दुकानात ड्वेन टोस्टाडनं
नेमकं तिथंच ग्रीसचं बोट ठेवलं.
"आर्डिस, कुठलीही घे, ही नको.
बहात्तराला मांड्यांचं शिसं झालेलं असतं,
वारा तोंडावर,
आणि तिथंच तुझं दार, तुझा नळ, तुझा पलंग.
माझा मेव्हणा फक्त मोजे बदलतो म्हणून आत गेला,
तो थेट सोमवारी दिसला."

घरी लीलँड सिंकपाशी बटाटे सोलत होता.
"शंभर मैल म्हणजे रॉचेस्टरला जाऊन परत.
त्यासाठी गाडी आहे आपल्याकडे."
मग बराच वेळ नुसती सालं पडत राहिली.
मग, "बहात्तराला मी आत बसू की बाहेर?"

मी उत्तर दिलं नाही.
दुपारी शाळेच्या बसची किल्ली घेतली, निघाले.

एकवीस वर्षं हीच फेरी.
पावणेचारला आमचं घर उजव्या खिडक्यांतून सरकतं.
कधी अंगात ताप,
कधी टेबलावर झाकून ठेवलेली कॉफी आठवतेय,
कधी नुसतीच लघवीची घाई.
आणि एकदा पायरीवर माझी मुलगी,
नऊ वर्षांची, दुसऱ्या बसनं आधी पोचलेली,
किल्ली हरवून, गुडघ्यांत डोकं घालून.
माझ्यामागे चौतीस मुलं, पुढे अकरा थांबे.
मी हॉर्न वाजवला. दोनदा.
आणि गेले.
तिनं मान वर केली की नाही
ते आरशात दिसलं नाही.
तिला मी अजून विचारलेलं नाही.

हे ड्वेनला काय सांगू.
चढावर माझा गिअर चुकतो,
घोळक्यात घुसायला मी भिते,
पंक्चर काढायला मला पाऊण तास लागतो.
मला येतं ते हे एवढंच.

रात्री फॉर्म भरला.
अडचणीत कोणाला कळवायचं, तिथं मुलीचा नंबर.
पेन अडकलं, कागदाच्या कडेला रेघोट्या मारून चालू केलं.
उरलेले दोन कागद घडी करून
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारले.

लीलँड दिवा मालवायला आला
तेव्हा म्हटलं, बाहेर बस.
पण खुर्ची एकच काढ.